परसातला माइक

शिनोलीत बन्सीलालशेठचं किराणा दुकान रस्त्यावर, दुकानामागं घर आणि घरामागं मोठं परस. त्या परसात प्रांजल सकाळपासून केबली अंथरत होती. ती लोणीच्या मेंढपाळाची पोर. बँडचा सगळा साऊंड तिच्याकडं होता. बाई मिक्सरवर बसते म्हणून सुरुवातीला लोक हसायचे. बँडचा गायक पीयूष, शेठचा मुलगा, मात्र कधी हसला नव्हता.

आज त्याच्या जागी बँडमधला भागू गाणार होता. पीयूषचं स्वरयंत्र डॉक्टरांनी वर्षापूर्वी काढलं आणि श्वास घ्यायला मानेत एक भोक ठेवलं. कोवळ्या वयात लागलेला गुटखा त्याला इथवर घेऊन आला होता. दिवाळीनंतर आजार फुप्फुसात उतरला, तेव्हा पुण्याच्या दवाखान्यानं त्याला घरी न्यायला सांगितलं. हे घरात माहीत होतं, बँडमध्ये माहीत होतं. गावाला शेठ सांगत, "गळ्याचं बारीक ऑपरेशन झालंय. उन्हाळ्यात गायला लागेल." कुणी भेटायला आलं की ते पीयूषच्या मानेवर सुती उपरणं टाकायचे आणि भोक झाकलं गेलंय ना, ते पाहायचे.

पीयूषच्या वाढदिवसाला बँडनं घरीच वाजवावं, ही त्याच्या आईची, सुंदरबाईंची इच्छा. पाहुण्यांची जेवणं दिवस मावळायच्या आत उरकायची, म्हणून कार्यक्रम दुपारचा ठेवला होता.

पीयूषची खाट परसाकडच्या खिडकीला लागून होती. मोठा आवाज छातीवर आदळला की त्याला ढास लागायची. म्हणून प्रांजलनं दोन्ही मोठे स्पीकर घराकडं पाठ करून लावले, ढोलकीचा घुमारा कमी केला आणि खिडकीखाली फक्त त्याच्यासाठी एक लहान स्पीकर ठेवला. भिंतीवरून आवाज उलटत होता, तिथं सुंदरबाईंकडून जाड गोधड्या मागून दोरीवर टांगल्या.

"एक कर," गिटारवाला मोहित म्हणाला. "ऑपरेशनाआधीच्या जत्रेतला त्याचा आवाज तुझ्याकडं वेगळा रेकॉर्ड केलेला हाय ना? तो लाव, आमी त्याच्याबरोबर वाजवतो. खूश व्हईल गडी."

तिला ते फारसं पटलं नव्हतं. तरी तिनं आवाज सोडला.

पीयूषचा भरदार, थोडा घोगरा आवाज परसभर पसरला. सुंदरबाई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थबकल्या. शेठनी टोपी काढली. मग खिडकीच्या गजावर स्टीलचा पेला आपटायला लागला, एकसारखा, जोरजोरात.

प्रांजलनं आवाज खाली ओढला आणि आत धावली. पीयूषनं मोबाइल तिच्यापुढं धरला. लिहिलं होतं, "तो मेला. त्याला वाजवू नको."

"चुकलं आमचं," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा टाइप केलं, "मला बिनतारी माइक दे."

"कशाला?"

त्यानं मानेवरच्या उपरण्याकडं बोट केलं. तिनं खिडकीतून बाहेर शेठकडं पाहिलं. मग त्यानं लिहिलं, "पप्पांना विचारू नको."

तिनं माइक आणून त्याच्या उशाशी ठेवला, पण मिक्सरवर त्याचा खटका बंदच ठेवला.

पाहुणे जमले. भागूनं दोन गाणी म्हटली, चांगली म्हटली. टाळ्या थांबल्यावर शेजारचे चिमाजी तात्या खिडकीशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पीयूषशेठ, यंदाच्या जत्रेला तुमीच गायचं. आमी दुसरं कुणाला सांगणार न्हाई."

लोक हसले. शेठही हसले. पीयूषनं मानेवरचं उपरणं ओढून खाली टाकलं, माइक भोकाशी धरला आणि गजांतून प्रांजलकडं पाहिलं.

तिनं खटका उघडला.

आधी पाण्यात बुडबुडे यावेत तशी खळखळ आली. मग श्वास, चिरका, अडखळणारा, मध्येच तुटणारा. दोन्ही मोठ्या स्पीकरांतून तो परसात आला. भागूनं हातातला माइक खाली घेतला. चिमाजी तात्या खिडकीपासून दोन पावलं मागं सरले. आता कुणाला काही विचारायची गरज राहिली नव्हती.

शेठ मिक्सरपाशी आले. "बंद कर."

"काका, त्यालाच पायजे."

"बंद कर म्हणतो. लोकांना कळतंय."

"त्याला कळवायचंच हाय, काका."

शेठनी हात पुढं केला. प्रांजलनं खटक्यावर आपला तळवा ठेवला. वडीलधाऱ्या माणसाचा हात तिनं आजवर असा कधी अडवला नव्हता.

"राहू द्या," सुंदरबाई मागून म्हणाल्या. "रोज रात्री मी एकटी ऐकते. आज सगळे ऐकू देत."

शेठ स्पीकरच्या रिकाम्या खोक्यावर बसले. श्वास चालूच राहिला. मग ढास आली, माइक फरशीवर पडून धाडकन वाजला आणि प्रांजलनं सगळंच बंद केलं.

जेवणं फारशी कुणाला गेली नाहीत. तात्या जाताना शेठच्या खांद्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले. त्या दिवसापासून गल्लीतल्या बाया आळीपाळीनं सुंदरबाईंच्या सोबतीला झोपायला येऊ लागल्या. पण ते काही फार दिवस चाललं नाही. तो आठवडा सरायच्या आत पीयूष गेला.

प्रांजल भेटायला गेली, तेव्हा शेठ बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसले होते.

"तू बंद करायला पायजे व्हतं," ते म्हणाले. "माझ्यासाठी तरी."

आतून सुंदरबाई तिला हाक मारत होत्या. प्रांजल उठली नाही. शेठना तसं एकटं सोडून तिला जाववेना. ती तिथंच, त्यांच्यासमोर, मान खाली घालून बसून राहिली.