फोन कुणाच्या हुकमानं ऐकला?

बाळाचं जावळ येरमाळ्याला येडेश्वरीपाशी काढायचं ठरलं आणि सासूबाई अडून बसल्या, मांडी मामाचीच हवी. मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ राघवेंद्र. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात भाषण केलं म्हणून त्याच्यावर वॉरंट होतं. तो पुण्यात मित्राकडं लपून राहत होता.

मी कळंबच्या पोस्टातून त्याला ट्रंककॉल केला. बार्शीहून सरकीच्या ट्रकमधनं येतो, एवढंच तो म्हणाला. ट्रकचं मी कुणालाच सांगितलं नाही. हे सरकारी शाळेत मास्तर, म्हणून यांनाही नाही.

जावळाच्या आदल्या दिवशी फौजदार घरी आले. चहा घेतला, बाळाचे केस कुरवाळले. म्हणाले, "मामा सरकीवर बसून येणार म्हणं. अंग खाजंल की त्यांचं."

सरकीचं बोलणं त्या फोनशिवाय कुठंच झालं नव्हतं.

बाळाला काखेत घेऊन तशीच पोस्टात गेले. पोस्टमास्तर विष्णुपंतांनी आधी नजर चुकवली, मग हळूच सांगितलं, फौजदार आत बसून ऐकत होते. हुकूम? तोंडी. लेखी हुकमाशिवाय असं ऐकता येत नाही, हे मी कॉलेजात शिकले होते. तसं म्हटल्यावर ते पुटपुटले, "सूनबाई, मला विचारायचं धाडस झालं नाही."

पुण्याला पुन्हा फोन लावला. राघवेंद्र निघून गेला होता. आता येरमाळ्याला न जाऊन चालणार नव्हतं; निदान त्याला वाटेतनं परतवता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी पोचलो तर तो देवळामागं उभा, अंगभर सरकीची धूळ. मी खुणेनं जा जा म्हणत होते. तोवर सासूबाईंनी त्याला बसवून बाळ मांडीवर दिलंसुद्धा. न्हाव्यानं चार बटा कापल्या आणि फौजदार पुढं आले. वॉरंट दाखवलं. मी नीट वाचलं. खरं होतं.

"हे वॉरंट पकडायचं झालं," मी म्हणाले. "फोन ऐकायचा हुकूम कुठाय?"

"तो वर असतो, ताई."

"वर कुणाकडं? नाव सांगा. मी कलेक्टरांना अर्ज करणार आहे."

ते यांच्याकडं वळले. "मास्तर, घरात समजावा. नोकरी सरकारी आहे तुमची."

राघवेंद्रनं बाळ माझ्याकडं दिलं, जावळ अर्धंच निघालेलं, आणि तो जीपकडं चालू लागला. बाळ हमसून रडत होतं. जीप दिसेनाशी झाल्यावर हे म्हणाले, "अर्जावर माझीही सही घे."

मला तेव्हा जास्तच भीती वाटली.