लांब धाग्याचा कापूस

एक धागा. केसाहून बारीक, पांढराशुभ्र, आणि इतका लांब की चिमटीत धरून ओढत गेलं तरी संपेचना... काय कापूस आहे, असं त्याच्या मनात सवयीनं आधी येऊन गेलं — कौतुकच — आणि मग दिसलं, की धाग्याचं दुसरं टोक थोरलीच्या मागच्या पायाला गुंडाळलंय, एकदा नव्हे, सात-आठ वेढे, आणि वेढ्यांखालचा तो पाय, तांदळाच्या दाण्याएवढा, जांभळा पडलाय.

थोरली म्हणजे हॅमस्टर. थोरली आणि धाकटी, सख्ख्या बहिणी, पण एका पिंजऱ्यात ठेवल्या की एकमेकींच्या जिवावर उठतात म्हणून दोन पिंजऱ्यांत, भांडलेल्या जावांसारख्या शेजारी शेजारी. दोघी त्याच्या लेकीच्या. लेक कामासाठी चार दिवस परगावी गेली होती आणि आज संध्याकाळी परत यायची होती. आजवर तिनं त्याच्याकडे साधी छत्रीसुद्धा ठेवायला दिली नव्हती. या दोघी दिल्या, त्याही दारात दोनदा मागे वळून.

“बाबा, बिछाना कागदाचाच. पिशवीत ठेवलाय. तुमचं काही करू नका हं.”

तुमचं काही! चाळीस वर्षं गाद्या भरल्या त्यानं. गल्लीत त्याला गादीकाका याखेरीज दुसरं नाव उरलं नव्हतं. त्यानं एका न्यायाधीशाला अशी गादी भरून दिली होती की साहेब तीन दिवस उठलेच नाहीत, आणि त्या तीन दिवसांत गावात एक गुन्हा घडला नाही. एका पहिलवानाची गादी तर इतकी हलकी झाली, की रात्री खिडकी उघडी राहिली आणि सकाळी पहिलवान गादीसकट समोरच्या गच्चीवर सापडला. हे सगळं अर्थात तोच सांगायचा, आणि दर खेपेला गच्ची एकेक मजला वर चढायची. अशा माणसाच्या घरात कुणी कागदावर झोपायचं? लेकीची पाठ वळली तशी त्यानं कागद उपसला, पिशवीसकट रद्दीत टाकला, माळ्यावर जपून ठेवलेला शेवटचा चांगला कापूस काढला, बोटांनी पिंजला — सरकीचा कण राहू दिला नाही — आणि दोन्ही पिंजऱ्यांत ढगासारखा भरला. दोघी आत शिरल्या तेव्हा तो किती खूश झाला होता... बघ म्हणावं, मुक्या जनावरालासुद्धा कळतं.

नखं कापायच्या कात्रीनं त्यानं धागा कापला. मग दोन्ही पिंजरे उचलून तो निघाला.

जनावरांची डॉक्टर लेकीच्याच वयाची. तिनं भिंगातून पाहत उरलेले वेढे सोडवले, मग धाकटीला उचललं आणि तिच्या फुगलेल्या गालातून ओला गोळा बाहेर काढला... कापूसच.

“हे कुणी घातलं, काका?”

“एका गादीवाल्यानं.”

“कोण तो? वेडा आहे का?”

“अंमळ आहे,” तो म्हणाला. “मीच.”

ती हसली नाही. एरवी या ठिकाणी लोक हसतात. “सूज उतरली तर पाय राहील. दोन दिवस जातील कळायला.” आणि मग, थोडं मऊ होऊन, “तुमची चूक एवढीच की तुम्ही अंथरुणावर झोपता. या अंथरुणात झोपतात. खणतात, तोंडात भरतात, ओढून नेतात. जे तुटत नाही ते पायाला बसतं. कापूस साधा असता तर कदाचित तुटलाही असता.”

कापूस साधा असता तर. रस्त्यानं परतताना, पिंजरे दोन हातांत, हेच एक वाक्य चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं. चाळीस वर्षं तो पेढीवर उभा राहून चिमटीतला कापूस ओढून पाहत आला होता, धागा टिकला की माल घ्यायचा, तुटला की परत. त्याच चिमटीनं... म्हणजे मी वाईट कापूस घातला असता तर बरं झालं असतं? मी कमी जीव लावला असता तर?

बरं. ठीक. आता उलटं. त्यानं ठरवलं आणि ठरवल्यावर पाऊल जड पडेनासं झालं. आज लेक यायच्या आत या दोघींना नीट अंथरूण मिळणार, आणि ते त्याच्या मनाचं नसणार.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात त्यानं एकेक पिशवी फोडायला लावली. भुसा नाकाजवळ नेला, शिंक आली, नको, धूळ. देवदाराचा भुगा इतका सुवासिक की त्यालाच त्यात लोळावंसं वाटलं. म्हणूनच नको — उग्र वास यांच्या छातीला बाधतो, डॉक्टर म्हणाली होती. मग दुकानदारानं मानानं वरच्या फळीवरून एक डबा काढला, ‘खास हॅमस्टरसाठी’, आत गुलाबी, मऊ, ढगच. गादीकाकानं चिमटीत धरून ओढलं. लांबलं. तुटलं नाही.

“काका, दोरी घ्यायला आलात का?”

“आलो नव्हतो. पण तुमच्या डब्यातून निघतेय खरी.”

शेवटी घेतला तो कागद. बिनवासाचा, बिनछपाईचा, भुरकट, ज्याला बाजारात कुणी कापूस समजून चुकूनही हात लावणार नाही असा. ओढला, तुटला. पुन्हा ओढला, पुन्हा तुटला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुटण्याचं बरं वाटलं.

घरी येऊन जमिनीवर बसून तो पट्ट्या फाडत राहिला. कडेला रचायचा मोह झाला, कोपरे चेपायचा मोह झाला, हात आवरले. वीतभर खोल, सैल, अस्ताव्यस्त — असं भरलेलं त्याच्या हाताखालून कधी बाहेर गेलं नव्हतं. धाकटी लगेच बुडी मारून नाहीशी झाली. थोरली तीन पायांवर पिंजऱ्याच्या उघड्या दारापर्यंत आली, हुंगलं, थांबली... फरशीवर, कागदाच्या अलीकडेच, अंग गोल करून बसली.

फरशीवर. लेक आठ वर्षांची असताना शाळेतून आली की दुपारी फरशीवरच झोपायची. गादीवाल्याची पोर, आणि फरशीवर! तो दुकानातून जेवायला आला की तिला उचलून गादीवर ठेवायचा, रोज, आणि एकदा तर तिनं झोपेतच टेबलाचा पाय असा कवटाळला होता की टेबलासकट उचलावं लागलं. हा किस्सा त्यानं किती ठिकाणी सांगितला असेल — टेबल पुढे कपाट झालं, मग कपाटात पाहुणा — आणि लोक पोट धरून हसत, आणि ती शेजारी उभी असे, पाण्याचा पेला हातात घेऊन. का झोपायची ती फरशीवर? विचारलं होतं का मी? तिनं सांगितलंही असेल. त्याला किस्सा शब्दन् शब्द आठवत होता. तिचं उत्तर आठवत नव्हतं.

थोरलीला उचलून कागदात ठेवायला पुढे गेलेला हात त्यानं मागे घेतला.

फोन वाजला.

“बाबा, तासाभरात पोचते. दोघी कशा आहेत?”

गोष्ट तयार होती. चाक फिरताना पाय अडकला, धाकटीनं शेजारच्या पिंजऱ्यातून आरडाओरडा करून त्याला उठवलं, आणि त्यानं... चांगली होती गोष्ट. तिला शेवटही होता.

“थोरलीच्या पायाला लागलंय,” तो म्हणाला. “तुझा कागद काढून मी कापूस भरला. त्यात पाय अडकला. धाकटीच्या गालातही कापूस गेला होता, तो काढला. डॉक्टरकडे नेऊन आणल्या. थोरलीचा पाय राहील की नाही, ते दोन दिवसांनी कळेल.”

पलीकडून काही आलं नाही. गाडीचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, आणि तिचा श्वास — रागाचा की रडण्याचा, की नुसताच. अशी पोकळी दिसली की ती भरायला त्याचे हात शिवशिवत. आयुष्यभर त्यानं दुसरं केलं काय? जिभेवर पहिलवान आला, न्यायाधीश आला, टेबल आलं... एकेकाला त्यानं परत पाठवलं. फोन कानाशी धरून तो फरशीवर बसून राहिला, ती जागा तशीच मोकळी ठेवून. तिचं जे काही असेल ते त्यात यायला हवं होतं. आणि ते ऐकायला आपण खरोखर थांबलो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याला भीती वाटली, पण फोन कानापासून हलला नाही.