दोन ठोक्यांची वाट

"परत लाव," ती म्हणाली.

लॅबमधल्या दादानं गरम हवेची नळी पुन्हा चिपवर आणली. "मॅडम, अजून कितीदा लावू? गार असली की शहाणी, तापली की वेडी. अगदी माझ्या सासऱ्यांसारखी आहे ही."

"लाव रे."

पडद्यावर भागाकारांची उत्तरं सरसर उतरत होती. सगळी हिरवी. चिप तापत गेली आणि मध्येच एक ओळ लाल झाली. थोड्या वेळानं आणखी एक. उत्तर फार चुकलं नव्हतं, शेवटचा आकडा तेवढा घसरला होता. पण भागाकार थोडासा चुकला, असं म्हणायची सोय नसते.

दादानं नळी बाजूला केली. एरवी तोंडाला कुलूप नसलेला तो माणूस आता उगाचच टेबल पुसत राहिला. नव्या पिढीच्या प्रोसेसरची ही पहिली चिप कारखान्यातून नुकतीच आली होती आणि तिच्यातला भागाकार करणारा तुकडा मॅडमांचा होता, हे त्याला ठाऊक होतं. तिथं माणसांना त्यांच्या तुकड्यावरूनच ओळखत. ती भागाकारवाली. तिच्या शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण वाटपवाली, कारण कुठलं काम चिपच्या कुठल्या भागाकडे केव्हा धाडायचं, हे मैत्रिणीचा तुकडा ठरवायचा.

चूक कुठं आहे हे जागेवर जाऊन शोधावं लागलं नाही. जिना चढतानाच तिला कळलं.

चिपमधलं सगळं काम ठोक्यांवर चालतं. एका ठोक्याला निघालेला सिग्नल पुढच्या ठोक्याच्या आत पोहोचायला हवा. पोहोचतो की नाही हे पाहणारा एक प्रोग्रॅम असतो आणि तो एकही वाट सोडत नाही. मात्र काही वाटा मुळातच लांबच्या असतात. त्यांच्याबद्दल रचना करणाऱ्यानं सांगून ठेवायचं असतं, की हिला दोन ठोके मिळतात, हिची घाई नाही, हिला एका ठोक्याचा हिशोब लावू नकोस. एकदा सांगितलं की तो प्रोग्रॅम बिचारा विश्वास ठेवतो. तिनं आपल्या तुकड्यातल्या एका वाटेबद्दल असं सांगितलं होतं. सांगितलं तेव्हा ते खरं होतं.

रचना कारखान्याकडे जायला थोडेच दिवस उरलेले असताना वाटपवाली तिच्या टेबलापाशी आली होती. "अगं, मी पुढचं काम तुझ्याकडे एक ठोका आधी धाडलं तर चालेल ना तुला? सगळ्या चिपचाच वेग वाढतोय."

त्या वेळी तिच्या कानाला फोन होता. पलीकडे बाबा होते.

आई गेल्यावर बाबा काही महिने तिच्याकडे राहिले होते. जन्मभर गाड्यांचे स्पीडोमीटर दुरुस्त केलेला माणूस. हाताला काम नसलं की घरातलं चांगलं चालणारं काहीतरी उघडून बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुझं ते यंत्र बघायला कुठं मिळेल?"

"आत असतं बाबा. दिसत नाही."

"मग चालतंय हे कसं कळतं?"

"नाही चाललं की कळतं."

बाबा खूप हसले होते. पुढं एके दिवशी, "इथं भिंतींशी तरी किती गप्पा मारायच्या गं," असं म्हणत ते तिच्या भावाकडे राहायला गेले. तेही हसतच म्हणाले, म्हणून तिनं ते हसण्यावारी नेलं.

फोनवर ते त्या दिवशी म्हणत होते, "कामात आहेस का बाळा? जरा बोलायचं होतं."

"एक मिनिट हं, बाबा." मग मैत्रिणीला, "कर गं, काही होत नाही." आणि पुन्हा फोनमध्ये, "एवढी चिप हातावेगळी होऊ दे बाबा, मग निवांत बोलू."

त्याच आठवड्यात बाबा झोपेतच गेले. "काही विशेष नसणार गं," भावानं समजूत घातली. "म्हातारं माणूस, लावतं असाच फोन." तिनंही ते मानून घेतलं. निदान चिपसाठी थांबवलं होतं, एवढं तरी स्वतःला सांगता येत होतं.

आता तेही सांगता येईना. वाटपवालीनं काम एक ठोका आधी धाडलं, तेव्हा त्या लांबच्या वाटेला दोनाऐवजी एकच ठोका उरला. गार चिपमध्ये सिग्नल कसाबसा पोहोचत होता, तापल्यावर मागं पडत होता. अर्ध्या मिनिटात दोन माणसांनी तिला काही विचारलं आणि तिनं दोघांचंही ऐकलं नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं.

वाटपवाली चहाच्या यंत्रापाशी उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होती.

"मी विचारलं होतं तुला," ती हळूच म्हणाली.

"विचारलं होतंस."

"मीही एकदा पाहायला हवं होतं गं. पण तू म्हणालीस काही होत नाही. तुझा शब्द म्हणजे आपल्याकडे दगडावरची रेघ."

"पुरे. चहा गार होतोय तुझा."

"उद्या काय सांगणार आहेस?"

रचना बदलून पुन्हा चिप करायची तर वर्षाचा बराचसा भाग गेला असता. पण तिथं एक रीत होती. चिपमध्ये कुठलीही नवी युक्ती घातली, की तिच्याशेजारी ती बंद करून जुन्या पद्धतीवर परतायची एक कळही घालून ठेवायची. तिला सगळे 'भित्री कळ' म्हणत. वाटपवालीच्या युक्तीला तशी कळ होती आणि तिच्या स्वतःच्या भागाकारालाही. दोन्हींतली एक दाबली की चूक मिटणार होती. प्रश्न एवढाच होता, की कुणाची.

"तू सांगशील तेच साहेब ऐकतील," वाटपवाली म्हणाली. "मी तोंड उघडणार नाही. शप्पथ."

"शपथा कसल्या घेतेस? लहान आहोत का आपण?"

साहेबांना माघारी सगळे 'तारीख' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथंच संपायचं. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत मात्र ते जरा मऊ होते.

"सगळ्यांत जुन्या तुम्ही आहात," ते तिला म्हणाले. "वाटपाची युक्ती बंद करू. वेग थोडा उतरेल, पण वरच्यांना मी सांभाळून घेईन. तुमची इतकी वर्षं गेली आहेत भागाकारात. तारीख चुकली नाही म्हणजे झालं."

वाटपवाली टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

हो म्हणणं सोपं होतं. जुना भागाकार पहिलीतल्या पोरासारखा वजाबाक्या करत बसायचा. तिचा तुकडा एका झेपेत अनेक आकडे काढायचा. त्यासाठी तिनं किती सुट्ट्या, किती लग्नं, किती आजारपणं मागं टाकली होती, हे तिचं तिलाच माहीत. आणि आयुष्यात एकदा तरी, चालतंय म्हणून कुणाला कळलं नाही तरी, ते जगभर चाललं असतं.

"साहेब, भागाकार माणसाला कधीतरी लागतो," ती म्हणाली. "वाटप क्षणोक्षणी लागतं. माझी कळ दाबा."

"नक्की?"

"नक्की."

"बरं. तुमचा पुढच्या पिढीत घालू की आपण."

"पुढचा भागाकार बाहेरून विकत घ्यायचं ठरलंय ना?"

साहेबांनी समोरचे कागद सारखे केले. "हो, ते आहे म्हणा," ते म्हणाले, आणि तारीख सांगून उठले.

दुपारी ती लॅबमध्ये गेली. दादानं कळ दाबली. आता कारखान्यात प्रत्येक चिपमध्ये ती अशीच दाबून, पुन्हा उघडता येऊ नये म्हणून, कायमची जाळून टाकणार होते. नळी लावली, चिप तापवली. उत्तरं रांगत रांगत आली, पण एकूण एक हिरवी.

मग नळी बंद करून त्यानं चिप आपली आपण चालू दिली आणि वर उष्णता पाहणारा कॅमेरा लावला. तुकडा खरोखर बंद पडला आहे, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय सही करता येत नसे. पडद्यावर चिप दिसली. कामात गुंतलेले तुकडे पिवळे, केशरी. आणि त्यांच्यामध्ये एक गर्द निळा चौकोन.

"झोपला, मॅडम," दादा हलक्या आवाजात म्हणाला.

तिनं सही केली. चिप चालतच होती. जरा वेळानं निळ्या चौकोनाची एक कड, वाटपाच्या बाजूची, फिकी होत गेली. मग किंचित पिवळसर झाली.

"हे हो काय? बंद केलाय ना आपण?"

"बंदच आहे," ती म्हणाली. "शेजारची ऊब पोहोचतेय त्याला."

दादानं कॅमेरा काढायला हात पुढं केला.

"असू दे जरा," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली.