परतीचा बाण

"परतीचा बाण कुठेय?" शंकासुरानं विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

शंकासुर म्हणजे आमचा टेस्टर. इतक्या शंका काढतो की त्याचं खरं नाव सगळे विसरलेत. खालच्या गोदामात माल लावणाऱ्या क्रेनचं सॉफ्टवेअर माझं. त्याची नवी आवृत्ती आज सकाळीच सुरू झाली होती आणि साहेबांना ती समजावून द्यायला मी फळ्यावर सीक्वेन्स डायग्राम काढत होतो. तीन उभ्या रेघा: रॅकांमधल्या गल्लीच्या दारावरचं पॅनेल, कंट्रोलर आणि क्रेन. मधले आडवे बाण म्हणजे कोणी कोणाला काय निरोप दिला, वरून खाली, त्याच क्रमानं. माणसानं बटण दाबलं की पॅनेल कंट्रोलरला सांगतं, कंट्रोलर क्रेनला 'थांब' म्हणतो, पॅनेलवर हिरवा दिवा लागतो आणि माणूस आत शिरतो.

"दिवा लागायच्या आधी क्रेननं 'थांबले' असं उलट कळवायला नको?"

"दोन वर्षं असंच चाललंय. सांगितल्या सांगितल्या थांबते ती. उगाच फाटे फोडू नकोस."

"जुन्या आवृत्तीत थांबायची. आता तू कामांची रांग केलीस ना? मग 'थांब'सुद्धा रांगेत शेवटीच लागणार."

मी फळ्यावरच्या बाणांवरून पुन्हा बोट फिरवलं. रांगेतली कामं संपेपर्यंत क्रेन पळत राहणार, आणि दिवा मात्र आधीच हिरवा.

ताई! माझी सख्खी बहीण त्याच गोदामात मेकॅनिक आहे. सकाळी चहा घेताना म्हणाली होती, अकरा वाजता चार नंबरच्या गल्लीत सेन्सर बदलायला जायचंय. घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. तिला फोन करून उपयोग नव्हता, कारण आत जाताना फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. शंकासुरानं गोदामाच्या ऑफिसला फोन लावला. कोणी उचलेना.

दोन जिने कसे उतरलो, मला आठवत नाही. चार नंबरच्या दारावर हिरवा दिवा होता. जाळीपलीकडे ताई माझ्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसली होती, आणि पलीकडच्या टोकाकडून क्रेन खोकं घेऊन रुळावरून येत होती. मी जिवाच्या आकांतानं हाक मारली. घरघरीत ती मलाच ऐकू आली नाही. दाराजवळ सगळं गोदाम बंद करणारं लाल बटण होतं. ते थेट विजेच्या वायरीवर होतं, माझ्या सॉफ्टवेअरच्या हातात नव्हतं, म्हणून निभावलं. मी त्यावर मूठ हाणली.

क्रेन कचकन थांबली, ताईपासून दोन हातांवर.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. "दिवा हिरवा होता रे."

"खोटा आहे तो. क्रेन थांबली का, हे तो विचारतच नाही."

"असा कोणी केला?"

"मी." तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना.

मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. ती तिथेच पायरीवर बसली.

"आज दोन नव्या मेकॅनिक आल्यात," ती हळू आवाजात म्हणाली. "मी त्यांना सांगितलं, हिरवा दिसला की बिनधास्त आत जा. त्या म्हणाल्या, एवढा भरवसा कसा काय? म्हटलं, माझ्या भावानं केलंय."