मागितलेलं पाणी

गुलाबरावांनी सही केली, पेन वकीलबाईंना परत दिलं आणि ते खुर्चीतच बसून राहिले. दुर्गच्या कोर्टात त्या दिवशी लोक अदालत भरली होती. न्यायाधीश भला माणूस होता. तो हिंदीत म्हणाला, दोघेही रेल्वेतून रिटायर झालात, एकाच गावचे आहात, एका झाडापायी किती वर्षं इथे येणार. मग पुढच्या माणसांची नावं पुकारली गेली.

"हो गया, दादा," वकीलबाई म्हणाल्या. "अब घर जाइए."

गुलाबरावांना वाटत होतं, अजून सुरूच व्हायचं आहे.

बायको, तुळसाबाई, गेल्यापासून त्यांचं असंच होत होतं. समोरचं बोलणं दुरून आल्यासारखं ऐकू यायचं. आताही पंख्याखाली बसून ते भंडाऱ्याकडच्या आपल्या गावात होते. तिथे पंच आधी निकाल देत नसत. ज्या जागेवरून भांडण, त्याच जागेवर दोघांना बसवत. बोलायचं नाही, निघून जायचं नाही. ज्याला आधी तहान लागेल त्याने दुसऱ्याकडे पाणी मागायचं आणि दुसऱ्याने उठून आणून द्यायचं. त्यानंतर पंच तोंड उघडत. तोवर बोलायला फारसं उरलेलं नसे.

इथे टेबलावर दोन ग्लास आधीच भरून ठेवले होते. कोणीच त्यांना हात लावला नाही.

चरोद्याला त्यांचं आणि शेजारच्या चंपतचं अंगण एका भिंतीने वेगळं झालेलं. भिंतीलगतचं जांभूळ तुळसाबाईंनी लावलेलं, भांडी धुतलेल्या पाण्यावर वाढवलेलं. मुळं भिंतीत शिरली तशी चंपतची कुरकुर सुरू झाली. त्या भिंतीवरून वाटीभर जांभळं द्यायच्या, कुरकुर थांबायची. त्या गेल्या आणि वाटी थांबली. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला खिंडार पडलं, चंपतने दावा लावला. आता समझोता झाला होता. रविवारी झाड तोडायचं, चंपतने दावा मागे घ्यायचा.

दोघे एकाच लोकलने परतले, दोन वेगळ्या खिडक्यांशी बसून.

रविवारी चंपतने खुर्सीपारहून सुखरामला बोलावलं. तो कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा गुलाबराव जांभळीच्या बुंध्याला टेकून बसले होते. झाड मोहरलं होतं.

"कोर्टात मुंडी हालवली," चंपत म्हणाला, "अन् आता काहून बसून राहिला?"

"बसतो थोडा."

चंपत काहीतरी पुटपुटला. मग तोही खिंडाराजवळ विटेवर बसला. सुखरामने कुऱ्हाड खाली टेकवली आणि बिडी काढली.

ऊन अंगणात उतरलं. वर मधमाश्यांची गुणगुण चालली होती आणि मोहराचे बारीक तंतू गुलाबरावांच्या सदऱ्यावर पडत होते. त्यांनी ते झटकले नाहीत. त्यांचे डोळे मिटले. घरात कुठेतरी भांडं वाजल्यासारखं झालं, ओल्या चुलीचा वास आला. स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवून ते म्हणाले,

"पाणी आण वं जरा."

दार उघडंच होतं. आत कोणी नव्हतं. गुलाबरावांनी डोळे उघडले आणि ते त्या दाराकडे बघत राहिले.

चंपतही दाराकडे बघत होता. मग गुडघ्यावर हात टेकून तो उठला, खिंडारातून आपल्या अंगणात गेला आणि भरलेला लोटा घेऊन त्याच वाटेने परत आला.

"तुले नाई मांगतलं," गुलाबराव म्हणाले.

"मालूम हाय मले. पी."

लोटा बराच वेळ त्यांच्या दोन्ही हातांत राहिला. मग त्यांनी तो तोंडाला लावला आणि खाली न ठेवता संपवला. सदऱ्याची गळपट्टी भिजली.

सुखरामने बिडी विझवली आणि कुऱ्हाड उचलली. कुठल्या बाजूने सुरू करू, असं त्याने विचारलं.

चंपतने रिकामा लोटा गुलाबरावांच्या हातून घेतला.

"बैठ अभी," तो सुखरामला म्हणाला. "और पानी लाता हूँ."