तिला चालेल

"काम नाही करता येणार तुम्हाला," खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या आणि वर प्रेमाने हसल्या. "पगारी तर नाहीच. तुमचा व्हिसा त्यातला नाही."

धाकटी खिडकीशी वाकून उभी होती. चार बहिणींतली शेवटची म्हणून धाकटी. पुढे ती मुलांची डॉक्टर झाली, लग्न झालं, डॉक्टर नवऱ्यापाठोपाठ परदेशात आली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. नवरा ज्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण, करत होता, तिथल्याच मुलांच्या ओपीडीत ती काही महिने नुसती बघायला जात होती. फुकट. काल तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिला थांबवून सांगितलं होतं, माझी मदतनीस म्हणून या, रीतसर पगारावर. वर्षभर तुमचं काम बघतो, मग तुमच्या रेसिडेन्सीसाठी मीच शब्द टाकतो. धाकट्या बाईसाहेब आनंदाने जेवायच्याच विसरल्या होत्या, आणि आज हॉस्पिटलचं व्हिसाचं ऑफिस उघडायच्या आधीच दारात हजर.

"पण आमच्या शेजारच्या वहिनी करतात ना काम," ती म्हणाली. "त्यांचेही मिस्टर इथलेच रेसिडेंट."

"त्यांचा शिकाऊ व्हिसा. शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी जाऊन राहायचं, पण तोवर बायकोला परवानगी काढून नोकरी करता येते. आमच्याकडे झाडून सगळे त्यावरच येतात. तुमच्या मिस्टरांचा नोकरीचा व्हिसा. त्याला परत जायची अट नाही, पण बायकोने घरी बसायचं."

"त्यांना हॉस्पिटलनेच तो दिला. दुसरा मिळत नव्हता."

"कोण म्हणालं?" बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "अहो, त्यांनी तर माझा पिच्छा पुरवला होता त्यासाठी! इथल्या डॉक्टरकीच्या परवान्याची तिसरी परीक्षा आधीच पास होऊन आले होते ना. ती झाल्याशिवाय तो व्हिसा मिळत नाही. बाकीचे ती इथे आल्यावर सावकाश देतात. मी त्यांना म्हटलंसुद्धा, बघा बुवा, बायकोला काम करता येणार नाही. तर म्हणाले, तिला चालेल."

"असं म्हणाले?"

"हो. मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय."

धाकटीने "झालंय, झालंय" म्हणून मान हलवली. नवऱ्याची लाज परक्या बाईसमोर कशाला काढा! ती बाहेर आली आणि समोरच्या बसथांब्यावर बसली. एक बस आली, गेली. दुसरी आली, तीही गेली.

ती तिसरी परीक्षा! ती कुणी घोटून घेतली होती त्याच्याकडून? हिनेच. वॉर्डातली नोकरी सोडून घरी बसली होती, का, तर त्याचा अभ्यास व्हावा. मुलांच्या आजारांत तो कच्चा. कुठलं पुरळ कुठल्या तापाचं, हे त्याला सात जन्मांत उमगलं नसतं. ही भाजी चिरता चिरता प्रश्न विचारायची, चुकला की लाटणं दाखवायची. दोघं हसायची. "एवढी घाई का रे या परीक्षेची?" असं तिने एकदा विचारलंही होतं. "आधी दिली की छाप पडते," तो म्हणाला होता. ताकास तूर लागू दिली नाही पठ्ठ्याने.

ठरलं होतं ते असं. आधी त्याची रेसिडेन्सी, तोवर तिने इथे काम करून ओळख मिळवायची, मग तिची. मग दोघांनी परत जाऊन एकच दवाखाना थाटायचा, खाली त्याचे पेशंट, वर तिची मुलं. वरच्या मजल्याच्या भिंतींना कोणता रंग द्यायचा, यावरून तर खरंखुरं भांडण झालं होतं. आता कळत होतं की त्या भांडणात ती एकटीच होती. तो शेवटी तिच्या रंगाला हो म्हणाला, कारण त्याला भिंतच बांधायची नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

संध्याकाळी तो ड्यूटीवरून आला. कालपासूनची ड्यूटी, डोळे तांबारलेले. सोफ्यावर अंग टाकून मोजे काढायला लागला.

"व्हिसा तू मागून घेतलास?"

एक मोजा हातात राहिला. "कोण म्हणालं?"

"म्हणजे मागून घेतलास."

"धाकटे, ऐक ना. इतकी मेहनत करायची आणि दोन वर्षं परत जाऊन बसायचं? सगळं मातीत. आणि तू एकदा तिकडे गेलीस की पुन्हा आली असतीस का? ओळखतो मी तुला."

"मग मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

आता बोला! आणि हे तो असं म्हणाला, जणू त्यात तिचीच चूक.

"आणि दोघांनीही अशा ड्यूट्या केल्या तर घर कोण बघणार? आईसुद्धा म्हणाली..."

"आईंना माहीत होतं?"

त्याने हातातला मोजा खाली टाकला. मग म्हणाला, "आईला. दादाला. तसं सगळ्यांनाच होतं."

"सगळ्यांना!" धाकटीचा आवाज फाटला. "निघताना आई माझ्या डोक्यावरून हात फिरवत होत्या रे. आणि दादा म्हणाले, मोठी डॉक्टर होऊन ये. तुम्ही सगळे मिळून मला... मी काय घरातली दुधखुळी आहे? बोल ना!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मान कलली होती, तोंड उघडं, एका पायात मोजा. झोपला होता. भांडणाच्या मधोमध झोपला होता, आणि सोंगही नव्हतं ते. तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. पण असल्या ड्यूटीनंतरची झोप काय असते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? उरलेलं सगळं भांडण गिळून ती खुर्चीत बसून राहिली.

पहाटे त्याचा गजर वाजून बंद पडला. रोज तीच उठवायची. आज राहू दे झोपलेला, खाऊ दे साहेबांच्या शिव्या, असं मनात आलं. मग वॉर्डातले पेशंट आठवले. त्यांनी काय केलं होतं तिचं? तिने त्याला उठवलं.

"रात्री सविस्तर बोलू हं," जिना उतरता उतरता तो म्हणाला.

ती ओपीडीत गेली. म्हाताऱ्या डॉक्टरांना सांगितलं, नाही जमत. ते हळहळले, म्हणाले, "येत राहा तरी. बघायला."

"नको, सर. फुकट बघणं पुष्कळ झालं. मायदेशी माझा वॉर्ड होता. परत घेतात का बघते."

"आणि मिस्टर?"

"त्यांना चालेल," ती म्हणाली, आणि रडू येईल म्हणून झटकन बाहेर आली.

बाहेरच्या बाकावर एक आई धापा टाकणाऱ्या तान्ह्याला घेऊन बसली होती. हिला आतून येताना बघून ती उठलीच. "तुम्ही डॉक्टर ना? बघा ना हो याला!" तिने बाळ सरळ पुढे धरलं.

बघायला येणाऱ्यांनी पेशंटला हात लावायचा नाही, असा तिथला नियम. धाकटीने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"हो, डॉक्टर आहे," ती म्हणाली, आणि मान वळवून मोठ्याने नर्सला हाक मारली. "सिस्टर, याला आधी घ्या! श्वासासरशी बरगड्या आत ओढल्या जाताहेत!"

नर्स धावत आली, बाळाला घेऊन आत गेली. आई मागोमाग पळाली. दारातून तिने एकदा वळून पाहिलं. डॉक्टर म्हणवते आणि मुलाला हातही लावत नाही, कसली ही बाई, असं ते बघणं होतं. दार उघडंच राहिलं. धाकटी तिथेच उभी राहिली, हात तसेच मागे, आणि लांबूनच बाळाचे श्वास मोजू लागली.