नसीबाची मंजुरी

"मंजूर झालंय म्हणजे मिळालंय, असं धरून चालू नकोस गं अकीला," मसूदाभाभी म्हणाली होती. बहरीनला, माहूजच्या आमच्या इमारतीत ती वरच्या मजल्यावर राहते आणि कपडे वाळत घालताना वरूनच बोलते. पिळलेलं पाणी माझ्या बाल्कनीत, सल्ले माझ्या डोक्यावर.

मी हसले. "भाभी, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते."

"दिसते कारण बघितलीय. माझ्या भावाला ट्रस्टचे पैसे मिळाले तेव्हा त्याची परीक्षा होऊन गेली होती. त्या पैशांत त्याने मोटारसायकल घेतली."

"म्हणजे उपयोग झाला की!" असं म्हणून मी आत गेले आणि शेवया भाजायला घेतल्या. शहाण्णव सालचा तो जुलै होता. माझ्या धाकट्या बहिणीला, नसीबाला, पुण्यात फार्मसीची सीट मिळाली होती आणि तिच्या फीला मंजुरी मिळाल्याचं त्याच दिवशी कळलं होतं. अशा दिवशी कोण कुणाचं ऐकतं?

सीट पैसे भरून घ्यायची होती. अब्बांना ते झेपणारं नव्हतं. इथे बहरीनमध्ये कोकणातल्या मंडळींनी चालवलेला एक शिक्षण ट्रस्ट आहे, अदलियात एका ट्रॅव्हल एजन्सीच्या मागच्या खोलीत. गावाकडच्या हुशार मुलांची फी तो ट्रस्ट भरतो. अर्ज मी केला, मार्कशीटच्या नकला मी पाठवल्या, समितीपुढे नसीबाच्या वतीने मीच बोलले. मंजुरीचं पत्र बघून कॉलेजने तिला वर्गात बसू दिलं आणि सांगितलं, दसऱ्यापर्यंत फी आली नाही तर सीट पुढच्या मुलाला जाईल. नसीबाने होस्टेलमधून लिहिलं, 'आपा, इथल्या लॅबमध्ये काचेचं इतकं सामान आहे की मी श्वास रोखून चालते.'

आता एक गोष्ट इथल्या लोकांना सांगायला नको, पण तिकडे कुणाला माहीत नसते. इथल्या शाळांना जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी लागते आणि जो तो बायकामुलांना घेऊन गावी जातो. नेमक्या त्याच महिन्यांत तिकडे कॉलेजं सुरू होतात. देणारे सुट्टीवर आणि घेणारे फीच्या खिडकीपुढे, अशी दरवर्षीची तऱ्हा. पैसे सुटायला तीन सह्या लागायच्या. खजिनदार मुलीच्या लग्नासाठी महाडला गेलेले. ते आले तर अध्यक्ष कंपनीच्या कामाला दुबईला. अध्यक्ष आले तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की कॉलेजचा दाखला मराठीत आहे, समितीला इंग्रजीत हवा. समितीतले सगळे मराठी शाळेत शिकलेले!

ट्रस्टचं सगळं काम शब्बीरभाई बघतात. पांढरी दाढी, स्वभाव लोण्यासारखा. अर्धं आयुष्य त्यांनी इथल्या बंदरावर अरबांबरोबर काढलंय. मी फोन केला की ते म्हणायचे, "इंशाल्ला बेटी, या आठवड्यात." आठवडा बदलायचा, वाक्य नाही.

"तुम्ही तरी एकदा जाऊन या ना," मी इलियासना म्हणायची. माझे मिस्टर सलमाबादला एका गोदामात स्टोअरकीपर आहेत. संध्याकाळी घरी येतात ते धुळीने भरलेले, भुकेलेले.

"जाऊन काय करू? दुसऱ्याच्या सहीला धक्का मारता येतो का? बंद पडलेली गाडी आहे ती?"

"निदान बसून तरी राहा तिथे. माणूस समोर दिसला की काम हलतं."

"मग तू बस. सादला घेऊन बस. तो रडला की तिन्ही सह्या लगेच होतील."

ते थट्टा करत होते, पण मी खरंच गेले. दीड वर्षाच्या सादला कडेवर घेऊन त्या खोलीत बसले. एसीच्या गारव्याने त्याची छाती वाजायला लागली तशी उठून बाहेर उन्हात उभी राहिले. मला सतत दोन आवाज ऐकू यायचे तेव्हा, सादच्या श्वासाचा आणि फोनचा. फोन वाजला नसला तरी वाजल्यासारखा वाटायचा. मी रिसीव्हर उचलून बघायची, लाइन चालू आहे की नाही. मागे स्वयंपाकघरात काहीतरी करपायचं.

नसीबा होस्टेलच्या फोनवर माझी वाट बघायची. रेक्टरबाई तिथेच बसलेल्या, म्हणून ती हळू बोलायची. "आपा, कॉलेजच्या क्लार्कनी आज वर्गात उभं करून विचारलं."

"सांग त्यांना, मंजूर झालंय."

"तेच सांगते गं रोज. ते म्हणतात, मंजुरी आमच्या खात्यात जमा करता येत नाही."

शेवटी एकदा तिसरी सही झाली. दसऱ्याला थोडेच दिवस उरले होते. शब्बीरभाईंनी स्वतःहून फोन केला. आवाजात असा आनंद होता जसं त्यांच्याच मुलीचं काम झालंय.

"अकीला बेटी, नसीबाचं काम खलास! ड्राफ्ट आज टपालात पडला. तुझी फार धावपळ झाली, म्हणून तिच्या होस्टेलला मीच फोन लावला. म्हटलं, बेटी, तुझं काम खलास, आता ट्रस्टला परत परत फोन करू नकोस. पुढे ड्राफ्टचं सांगणार तेवढ्यात लाइन गेली. पण खबर पोचली. यल्ला, चल, आता मिठाई आण!"

मी मिठाई आणली. मसूदाभाभीला वर नेऊन दिली आणि वर दोन शब्दही ऐकवले, "बघा, आले की नाही?" तिने पेढा तोंडात टाकला, "आले तर आले," म्हणाली.

त्याच संध्याकाळी सादचा दमा उसळला. इस्पितळात त्याच्या नाकातोंडावर वाफेचा मास्क धरून मी कितीतरी दिवस बसून होते. घरी आल्यावर होस्टेलला फोन लावला तर वॉचमनने उचलला. "नसीबा? ती गेली घरी." दसऱ्याची सुट्टी असेल, मी मनात म्हटलं. आमच्या गावात फोन फक्त वाण्याच्या दुकानात. कशाला उगाच अब्बांना तिथवर चालायला लावायचं? पत्र येईलच.

पत्र आलं नाही. शब्बीरभाईंचा फोन आला.

"बेटी, ड्राफ्ट परत आलाय. कॉलेज म्हणतंय, या मुलीने नाव काढलं. असं कसं झालं?"

मी वाण्याच्या दुकानात फोन करून अब्बांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, ती घरी आली, चार दिवस राहिली आणि पुन्हा पुण्याला गेली. आता औषधाच्या दुकानात कामाला आहे. "ट्रस्टने नाही म्हटलं ना? मग पोरगी काय करणार? तुला वाईट वाटेल म्हणून तुला कळवू नका म्हणाली." त्यांनी दुकानाचा नंबर दिला. तो लिहून घेताना साद माझ्या हातातलं पेन ओढत होता.

"आपा!" नसीबा म्हणाली. "साद बोलायला लागला?"

"तू कॉलेज का सोडलंस?"

मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"तूच विचारतेस असं? तुझ्या त्या शब्बीरचाचांचा फोन आला होता. म्हणाले, तुझं काम खलास, आता परत फोन करू नकोस. दुसऱ्याच दिवशी क्लार्कने वर्गाबाहेर काढण्याआधी मीच नाव काढून आले. तेवढी तरी इज्जत राहिली."

मी रिसीव्हर या कानावरून त्या कानाला लावला. शब्बीरभाईंनी तोच निरोप त्याच शब्दांत मलाही दिला होता. इकडे खलास म्हणजे पूर्ण झालं, जमलं, चिंता नको. भाजीवाला म्हणतो, टॅक्सीवाला म्हणतो, मीही सादला शेवटचा घास भरवून म्हणते. आमच्या गावात मात्र एखादं माणूस खलास होतं. नाहीतर एखाद्याचा धंदा.

"अगं वेडे, खलास म्हणजे झालं! इकडे तसं बोलतात. काम झालं, पैसे निघाले, असं सांगत होते ते!"

"झालंच की आपा," ती म्हणाली. "एक मिनिट हं." आणि गिऱ्हाइकाला सांगायला लागली, जेवणानंतर घ्या, सकाळ-संध्याकाळ, पाण्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी मी सादला घेऊन अदलियाला गेले. सगळं ऐकून शब्बीरभाई खुर्चीत मागे टेकले. "मी तर खुशखबर दिली, बेटी. ती 'बरं' म्हणाली. मला वाटलं, लाजली." मग त्यांनी माझ्यासमोर कॉलेजला फोन लावला, हातापाया पडले, पण तिची सीट केव्हाच दुसऱ्या मुलीला गेली होती. समितीने सांगितलं, ज्या वर्षाचे पैसे त्याच वर्षी. पुढच्या जूनला नवा अर्ज, नवी बैठक, पुन्हा तीन सह्या.

"मराठी माणसाला मराठीत सांगता येत नाही?" इलियास घरी येऊन ओरडले. तेवढ्यात गोदामातून फोन आला. "हां हां, खलास, सुबह भेजता है," ते बोलून गेले आणि माझ्याकडे बघून त्यांनी फोन ठेवला. मसूदाभाभी त्या दिवशी बाल्कनीतून बोलली नाही. खाली आली, सादला मांडीवर घेऊन बसली. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी निदान भांडले तरी असते.

त्यानंतर दर शुक्रवारी मी नसीबाशी बोलते. म्हणजे बोलत होते. नवा अर्ज करायचा का, विचारलं की ती म्हणते, "बघू." बाकी सगळ्याला, "बरी आहे." गिऱ्हाइकाशी बोलते ना, तोच आवाज. मोजून औषध दिल्यासारखा. आणि गेले काही शुक्रवार दुकानदार सांगतात, "ती आज आली नाही." अब्बांना विचारलं तर म्हणतात, पुण्यातच आहे, पैसे पाठवते. त्यांचे गुडघे आता घाट चढू देत नाहीत. इलियासची लीव्ह उन्हाळ्यात. सादला इतक्या लांब एकटीने न्यायची माझी छाती होत नाही. मी फक्त फोन लावते, आणि फोनवर तोंड दिसत नाही.

तुमच्यापैकी कुणी सुट्टीवर पुण्याला जाणार असेल तर एवढं करा. भवानी पेठेत, लाकडाच्या वखारींच्या रस्त्याला 'न्यू हिलाल मेडिकल' आहे. तिथे नसीबाला विचारा. नसेल तर मागच्या गल्लीतली तिची खोली दुकानदार दाखवतील. उंच आहे, चष्मा लावते, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते. अकीलाआपाने पाठवलंय म्हणा. जेवते का, झोपते का, एकटी असते का, तेवढं बघा. 'बरी आहे' म्हणाली तर लगेच उठू नका. चहा मागा, आणि थोडा वेळ बसा.